डाव्या बाह्या

गल्लीत सगळे त्यांना कडकभाऊ म्हणत, आणि हे नाव त्यांना फुकट मिळालेलं नव्हतं. त्यांच्या हातून गेलेला शर्ट आत माणूस नसतानाही उभा राहील, असं गिऱ्हाईकं म्हणायची. स्वभावही खळ घातल्यासारखाच. नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. कुणी म्हणालं, भाऊ, जरा घाईत करून द्या, तर शर्ट तसाच त्याच्या हातात परत देऊन सांगायचे, "घाईचं काम शेजारी होतं." शेजारी घड्याळं दुरुस्त करणारा बसायचा.

पुढे दुकान, मागे घर, मध्ये पडदा. दुकानात एक लांब टेबल, त्यावर घोंगडीचे थर आणि वर पांढरी चादर. इस्त्रीची वायर छताला टांगलेल्या स्प्रिंगमधून खाली यायची, म्हणजे ती कापडावरून घासत जात नसे. इस्त्री पुढे गेली की स्प्रिंग कुरकुरायची, मागे आली की पुन्हा कुरकुरायची. त्या आवाजावर घरातली कामं चालायची. आवाज थांबला की भाऊंना चहा हवाय, हे आत न विचारता कळायचं.

त्यांची बायको, म्हणजे गल्लीची वहिनी, लग्न होऊन आली तेव्हा आपल्याला इस्त्री करता येते असा तिचा समज होता. तो त्यांनी पहिल्याच आठवड्यात काढून टाकला. आधी रुमाल, मग उशांचे अभ्रे, मग चादरी आणि पडदे. एवढ्यावर तिची बढती थांबली. शर्टाला त्यांनी तिला कधी हात लावू दिला नाही. "तुझा हात गोड आहे," ते म्हणायचे, "आणि शर्टाला गोड हात चालत नाही." शर्ट पालथा कसा टाकायचा, बाही कशी खेचून धरायची, कॉलर कडांकडून मध्याकडे का न्यायची, हे ती पडद्याशी उभी राहून बघत आली. घडी मात्र तिची. इस्त्री त्यांची, घडी तिची, अशी वाटणी इतकी वर्षं चालली की त्यांतलं काय कुणाचं, हा प्रश्नच उरला नाही. पोरंबाळं झाली नाहीत. त्याचं दुःख दोघांनी एकमेकांपुढे कधी उगाळलं नाही, पण त्यामुळे झालं असं की दोघांना दोघंच.

एका सकाळी स्प्रिंगचा आवाज थांबला म्हणून ती चहा घेऊन बाहेर आली. इस्त्री जागच्या जागी, नीट उभी करून ठेवलेली होती. भाऊ टेबलाखाली पडले होते.

मेंदूच्या उजव्या अंगाला रक्त पोचलं नव्हतं. दवाखान्यात ते शुद्धीवर आले आणि पहिलं वाक्य बोलले ते चादरीबद्दल, की ही कुणी इस्त्री केलीये, त्याला माझ्याकडे पाठवा. तिच्या जिवात जीव आला. बोलणं शाबूत होतं, आठवण शाबूत होती, जीभ तर पहिल्यापेक्षा तिखट. धाकटा दीर टेम्पो सोडून धावत आला होता, तोही हसला. मग नर्सने त्यांना डावा हात वर करायला सांगितला.

"केला की," भाऊ म्हणाले.

हात चादरीवर जसा होता तसाच पडलेला होता. नर्सने तो उचलून त्यांच्या डोळ्यांपुढे धरला आणि विचारलं, हा कुणाचा? त्यांनी त्याच्याकडे जरा वेळ बघितलं. "धाकट्याचा असेल," ते म्हणाले. "विसराळू आहे तो पहिल्यापासून." दीर पुन्हा हसला. वहिनीही हसली, कारण त्यांच्या थट्टेला हसायची तिला सवयच होती. मग तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ते थट्टा करत नव्हते.

मेंदूच्या डॉक्टर वयाने लहान होत्या, पण घाईत नव्हत्या. त्यांनी तिला बाजूच्या खोलीत बसवून सांगितलं की डोळ्यांना काही झालेलं नाही. डावीकडचं डोळ्यांत पोचतं, पण त्याची दखल घेणं ज्या भागाचं काम होतं, तोच भाग बंद पडलाय. तिला ते कळेना. तिने विचारलं, म्हणजे डावीकडे त्यांना सगळा अंधार दिसतो का?

"तुमच्या पाठीमागे आत्ता तुम्हाला काय दिसतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"काहीच नाही."

"काळं दिसतंय?"

तिने नीट विचार केला. काळं दिसत नव्हतं. मागे दिसण्यासारखं काही नव्हतंच, आणि ते नाही म्हणून तिला आजवर कधी चुकल्यासारखंही वाटलं नव्हतं. डॉक्टर म्हणाल्या की त्यांची डावी बाजू आता तशी आहे. अंधार दिसला असता तर काहीतरी हरवलंय एवढं तरी त्यांना कळलं असतं. हाताचंही तेच. हात गेला ही बातमी ज्याने द्यायची तोच गेला, त्यामुळे बातमी पोचत नाही, आणि मेंदूला मोकळी जागा खपत नाही म्हणून तो काहीतरी कारण रचून तिथे भरतो. ते खोटं बोलत नाहीयेत, एवढं तुम्ही लक्षात ठेवा. घरी परतताना बसमध्ये ती सारखी आपल्या पाठीमागे काय आहे ते जाणवतं का, हे बघत होती. मान वळवली की ते पाठीमागचं राहत नव्हतं.

भाऊ घरी आले. काठी धरून पाय ओढत चालायचे आणि विचारलं की म्हणायचे, बूट चावतोय. दाराच्या डाव्या चौकटीवर खांदा आपटायचे आणि सुताराला शिव्या द्यायचे. दाढी उजव्या गालाची करायचे, हनुवटीच्या मध्यावर येऊन थांबायचे आणि समाधानाने तोंड पुसायचे. ताटातला उजवीकडचा भात संपायचा, डावीकडची भाजी तशीच राहायची, आणि वर ते विचारायचे, आज भाजी केली नाहीस? ती ताट फिरवून ठेवायची. "ही काय, आता आणतेस होय," ते म्हणायचे आणि आवडीने खायचे. पहिल्यांदा ताट फिरवलं तेव्हा तिला हसू आलं होतं. पुढे ते येईनासं झालं.

तिला एकच हवं होतं. एकदा, फक्त एकदाच त्यांनी म्हणावं की हो, हात गेला माझा. मग दोघं मिळून पोटभर रडू, आणि मग पुढचं काय ते बघू. एवढी मोठी गोष्ट घरात घडली होती आणि ती घरातल्या एकाच माणसाला माहीत होती. एकटीने रडून रडून ती कंटाळली होती. तिने त्यांना आरशापुढे बसवलं, हातात हात देऊन दाखवला, कधी समजावलं, कधी भांडली. ते दर वेळी काहीतरी कारण द्यायचे. हात झोपलाय. हाताला विश्रांती दिलीये. एकदा तर म्हणाले, "सगळी कामं उजव्याने केली तर डाव्याने काय करावं, तूच सांग."

मग त्यांनी दुकानात बसायचा हट्ट धरला. इस्त्री उजव्या हाताने धरायची, कापड अंथरायला आणि घडी घालायला बायको आहेच, मग अडलंय कुठे? तिला वाटलं, बसू दे, जीव रमेल. उंच स्टुलावर बसवलं, शर्ट पालथा टाकून दिला. हात तयारच होता त्यांचा. कॉलरचा उजवा अर्धा, उजवी बाही, पाठीचा उजवा भाग असे एकेक लखलखीत होत गेले. डावी बाही पिळून वाळत टाकलेली असते तशी राहिली. "घाल घडी," ते म्हणाले, आणि पुढचा शर्ट मागितला.

तिने सांगायला हवं होतं. गिऱ्हाइकाने शर्ट तोंडावर फेकला असता तर कदाचित भाऊंना काही कळलं असतं, कदाचित नसतंही. पण आयुष्यभर ज्या माणसाच्या इस्त्रीत कुणी खोट काढली नाही, त्याच्या तोंडावर शर्ट फेकलेला बघायची तिची छाती झाली नाही. तिने अर्ध्या शर्टाची घडी घातली आणि तो वेगळ्या टोपलीत टाकला. दुपारी भाऊ आत झोपले की ती पडदा ओढून घ्यायची आणि टोपलीतल्या शर्टांच्या डाव्या बाह्या करायची. इतक्या वर्षांत शर्टाला हात लावायची परवानगी तिला मिळाली नव्हती. आता तो हात लागला तो असा, चोरासारखा. पहिल्या काही बाह्यांवर दोन दोन रेघा उठल्या. मग सरावाने जमायला लागलं.

गिऱ्हाइकांना समजलं. अशा गोष्टी गल्लीत लपत नाहीत. कोर्टातले एक वकील होते, रोज पांढरा शर्ट लागायचा त्यांना. एकदा घाईत ते टोपलीतलाच शर्ट घेऊन गेले आणि दिवसभर डावी बाही कोटात दडवून उभे राहिले. त्यांनी चकार शब्द काढला नाही. उलट संध्याकाळी येऊन म्हणाले, भाऊ, तुमच्यासारखी इस्त्री नाही. सगळ्यांनी मिळून त्या माणसाला फुलासारखं जपलं, आणि त्या जपण्यात त्याचा घात केला. कारण भाऊंच्या लेखी आता पुरावाच तयार झाला होता. हात गेला म्हणता, मग एक तरी शर्ट परत आला का? एक तरी तक्रार? हे ते तिलाच विचारायचे, आणि ती मूग गिळून बसायची.

डावा हात लोंबकळत ठेवू नका, खांदा निखळतो, असं दवाखान्यात सांगितलं होतं. म्हणून ती तो टेबलावर, एका घडीच्या टॉवेलवर ठेवायची. एका सकाळी वकील दाराशी कपडे देत होते. ती ते घेत होती, तिची पाठ टेबलाकडे होती. हात टॉवेलवरून घसरून टेबलाच्या मध्यावर आला होता आणि तिने घाईत अंथरलेला शर्ट त्याच्यावर पडला होता, हे तिने पाहिलं नव्हतं. भाऊ मागून कुरकुरत होते की या शर्टाला कसली गाठ आहे, ही सुरकुती बसत नाहीये. ती म्हणाली, जोर द्या जरा. नेहमीचं बोलणं ते. स्प्रिंगचा आवाज एका जागी अडकला.

"अगं," भाऊ म्हणाले, "काहीतरी जळतंय बघ. तुझं दूध असेल."

आत दूध ठेवलेलं नव्हतं. ती वळली. वकील तिच्या आधी धावले.

बोटं वाचली, हाताच्या पाठीवरची कातडी गेली. दवाखान्यात मलमपट्टी होत असताना भाऊ मजेत होते आणि धाकट्याला एवढं कसं भाजलं, असं नर्सला विचारत होते. वहिनी भिंतीला टेकून उभी होती. जोर द्या जरा, हे आपलेच शब्द तिला पुन्हा पुन्हा ऐकू येत होते. मेंदूच्या डॉक्टर आल्या तेव्हा तिने त्यांचे पाय धरायचेच बाकी ठेवले. म्हणाली, काहीही करा, पण यांना एकदा कळू द्या. कळलं नाही तर हा माणूस स्वतःला जाळून घेईल आणि वास कसला म्हणून मलाच विचारेल.

डॉक्टर म्हणाल्या की एक प्रकार आहे, विचित्र वाटेल. कानाच्या आत तोल सांभाळणारा एक भाग असतो. डाव्या कानात बर्फाचं पाणी घातलं की तो खडबडून जागा होतो, आणि त्याच्याबरोबर कधी कधी मेंदूचा तो झोपलेला भागही थोडा वेळ जागा होतो. थोडाच वेळ. का होतो, ते आम्हालाही पुरतं ठाऊक नाही. आणि सगळ्यांचा होतो असंही नाही.

भाऊंना आडवं केलं. पिचकारीने गार पाणी कानात सोडलं तेव्हा त्यांनी डॉक्टरांच्या सगळ्या खानदानाचा उद्धार केला. डोळे आपोआप झटके देऊन सरकायला लागले. थोडी उलटी झाली. मग ते निपचित पडले. डॉक्टरांनी विचारलं, डावा हात उचलता का? ते पट्टी बांधलेल्या हाताकडे बघत राहिले.

"उचलत नाही," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"पडलो तेव्हापासून."

वहिनी त्यांच्या डावीकडे उभी होती. त्यांनी मान वळवली आणि तिच्याकडे पाहिलं. ते पडल्यापासून तिच्याकडे बघायचे ते ती उजवीकडे जाऊन उभी राहिली तरच. आज त्यांनी स्वतः शोधून पाहिलं.

"किती वाळलीस गं," ते म्हणाले.

ती पलंगाच्या कडेला बसली आणि रडली. तेही रडले. तिला हवं होतं ते सगळं अगदी तसंच घडत होतं. दुपारी माझे शर्ट तू पुन्हा करतेस, ते म्हणाले, पडद्यापलीकडून स्प्रिंग ऐकू यायची. हा हात मीच भाजला, हेही म्हणाले. मग त्यांनी डॉक्टरांना विचारलं की हे असंच राहणार का. डॉक्टरांनी खोटा धीर दिला नाही. काही मिनिटं राहील, म्हणाल्या, नंतर बहुतेक तुम्ही पहिल्यासारखे व्हाल आणि हे बोलणं तुम्हाला आठवणार नाही.

भाऊ छताकडे बघत पडले. शर्टावरचा डाग निघेल की नाही ते ठरवताना जसे बघायचे तसे बघत होते.

"मग ऐक," ते तिला म्हणाले. "हे परत करू देऊ नकोस. मला तिकडेच राहू दे. हे कळून जगायची माझ्यात ताकद नाही. मी स्वतः मागितलं तरी नाही. वचन दे."

तिने दिलं. दुसरं काय करणार होती? त्यांनी उजव्या हाताने तिचा हात धरला होता. हळूहळू त्यांचं बोलणं तुटक झालं, नजर तिच्यावरून सरकत खिडकीकडे गेली आणि तिथेच राहिली. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, हात कसा आहे? "कुठला?" भाऊ म्हणाले. "दोन्ही ठणठणीत."

दिराला हे सगळं बाहेर समजलं आणि तो हरखून गेला. पुन्हा करू, रोज करू. डॉक्टर म्हणाल्या की वरचेवर केल्याने एखाद्याला थोडा फायदा होतोही, पण हमी देता येत नाही. वहिनी नाही म्हणाली. वचनाचंही सांगितलं. दीर म्हणाला, वहिनी, आजारी माणसाचं बोलणं ते, काय मनावर घेता. ती म्हणाली, भावजी, आजारी ते आता आहेत, तेवढा वेळच बरे होते. हे त्याला पटलं नाही. त्याच्या डोळ्यांत तिच्याबद्दल काहीतरी बदललं, ते तिला दिसलं.

इस्त्री आता तिने त्यांच्या हाती दिली नाही. शर्ट ती स्वतः करू लागली, अख्खे. ती उजवीकडे दिसेल अशा खुर्चीत बसून भाऊ ते बघायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे की हिने माझं दुकान बळकावलं. चांगला हिंडताफिरता माणूस मी, मला बसवून ठेवलंय. वकिलांनाही सांगितलं, काही कायदा असेल तर बघा म्हणून. वकील मान खाली घालून निघून गेले. तिने पूर्वी डाव्या बाह्या केल्या नसत्या तर हे झालं नसतं, असं तिला वाटायचं, आणि ते सांगायचं तरी कुणाला? भाऊ तिच्या हातचं जेवेनात. दीर येऊन भरवायचा, तेव्हा जेवायचे. त्यानेच कधीतरी त्यांना पाण्याचं सांगितलं.

"असा उपाय होता आणि तू करू दिला नाहीस," ते म्हणाले.

"तुम्ही तर म्हणता, तुम्हाला काही झालेलंच नाही."

"नाहीच झालेलं. पण झालं असतं तरी तू करू दिला नसतास. तुला मी नको झालोय."

यावर हसायला हवं होतं. गल्लीत कुणाला सांगितलं असतं तर तो हसलाच असता. ती आत गेली आणि भिंतीकडे तोंड करून बसून राहिली. तुम्हीच नको म्हणालात, हे तिने आधी शंभरदा सांगून पाहिलं होतं. मी कशाला नको म्हणेन, कामाचा माणूस मी, असं ते दर वेळी म्हणायचे, आणि तेही खोटं नव्हतं. एका नवऱ्याने तिला एक मागितलं होतं, दुसरा तिच्याकडे बरोबर उलट मागत होता, आणि न्हाऊ घालायला, बोलणी खायला तिच्यापुढे रोज हा दुसराच होता.

शेवटी तिने दिराला निरोप धाडला की टेम्पो घेऊन या. गुण येईल म्हणून नव्हे. तिने स्वतःपासून ते लपवलं नाही. तिला पुन्हा एकदा कुणीतरी तिच्याकडे बघायला हवं होतं. किती वाळलीस, हे म्हणणारं जगात एकच माणूस होतं, आणि ते बर्फाच्या पाण्यापलीकडे राहत होतं. तेवढ्यासाठी तिने वचन मोडलं. मोडताना तिला वाटलं की त्यांना आठवणार तरी कुठे आहे.

या वेळी भाऊ स्वखुशीने आडवे झाले. न्हाव्याकडे आल्यासारखे, कापलेल्या केसांचं काय करता, असं काहीतरी डॉक्टरांना विचारत होते. पाणी गेलं, शिव्या झाल्या, डोळे सरकले, उलटी झाली. ती आधीच डावीकडे जाऊन उभी राहिली होती. डोक्यावरून पदर नीट घेतला होता तिने, आणि त्याची तिला लाजही वाटत होती.

त्यांनी मान वळवली आणि तिला पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"नको म्हणालो होतो ना मी तुला," ते म्हणाले.

डॉक्टर पुढे झाल्या. त्यांनाही हे अनपेक्षित होतं. त्यांनी विचारलं, मागच्या वेळचं तुम्हाला आठवतंय?

"सगळं आठवतंय. मागच्या वेळचं आणि नंतरचं. दुकानात बसून हिला काय काय बोललो, तेसुद्धा."

इतके दिवस वहिनी एका गोष्टीवर तगून होती, की त्यांना कळत नाही. आपल्याला कळतंय, त्यांना नाही, निदान एक तरी सुटला. आणि ते सगळं आत कुठेतरी जात होतं, साठत होतं, दार उघडण्याची वाट बघत होतं. दार उघडलं होतं तिने. ती म्हणाली, "चुकले मी. मला राहवलं नाही." तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर तिला सोसलं असतं. त्यांनी तिच्याकडे एकदा पाहिलं, आणि मग मान उजवीकडे वळवली. आपण होऊन वळवली. डोळे मिटून घेतले आणि तोंड भिंतीकडे करून ते पडून राहिले, दुखणं ओसरायची वाट बघत माणूस पडतो तसे.

ती तशीच उभी राहिली. तिला त्यांची पाठ आणि कानामागचे ओले केस दिसत होते. काही बोलावं तर ती मिनिटं त्यांना आणखी जड जातील, न बोलावं तर ती संपून जातील. ते अजून तिच्याकडे पाठ फिरवून होते, की आता त्यांच्या लेखी डावी बाजूच राहिली नव्हती, हे पाठीवरून ओळखायचा काही उपाय नव्हता.

बऱ्याच वेळाने भाऊंनी डोळे उघडले आणि घसा खाकरला.

"काय डॉक्टर, झालं का तुमचं? दुकान उघडं टाकून आलोय." मग त्यांनी खोलीभर नजर फिरवली, भिंतीपासून खिडकीपर्यंत. "आमची बायको कुठे गेली?"

तिचा हात त्यांच्या डाव्या खांद्यावरच होता.

"बाहेर गेली असेल," ते डॉक्टरांना म्हणाले. "गरजेच्या वेळी ती कधी जागेवर नसते."

तिने हात काढून घेतला, पलंगाला वळसा घालून त्यांच्या उजवीकडे आली, आणि चला म्हणाली.